चार हजार परके निरोप

माझी आत्या माणसांवर जितकी रागवायची तितकीच वस्तूंवर. स्टोव्हवर, बिजागरी सुटलेल्या दारावर, एक पाय आखूड असलेल्या टेबलावर. ते टेबल तिच्या दोन खोल्यांतल्या पुढच्या खोलीत सत्तावीस वर्षं डुगडुगत उभं होतं. पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली असती तर काम झालं असतं. मी एकदा वाकलो तर तिने माझा हात धरला.

"राहू दे. चूक त्याने केली. मी का म्हणून झाकू?"

कप ठेवला की त्या टेबलावर थोडा चहा सांडायचा, आणि दर वेळी ती कधी न पाहिलेल्या सुताराचा उद्धार करायची.

हा राग कुठून आला ते माझे वडील सांगायचे. नऊ वर्षांची असताना ती वर्गात खांबामागे बसायची. हजेरीच्या वेळी "हजर" म्हणायची, पण बाई मान वर करायच्या तेव्हा त्यांना खांब दिसायचा. वर्षाच्या शेवटी वहीत चाळीस दिवस गैरहजर निघाले आणि तिला वरच्या वर्गात घेतलं नाही. ती मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन उभी राहिली. "मी होते," एवढंच म्हणत राहिली. शाळा सुटली, शिपाई खिडक्या लावायला लागला, तरी ही उभीच. शेवटी आजोबांनी दंडाला धरून घरी नेली. वर्ग गेला तो गेलाच.

"तेव्हापासून तुझ्या आत्याला नाही म्हटलेलं चालतं," वडील म्हणायचे. "नव्हतीस म्हटलेलं चालत नाही."

तिचा नवरा, म्हणजे माझे आतोबा, खाणीत पंपावर होते. जमिनीखाली दगड फोडला की पाणी झिरपतं; ते एका खड्ड्यात जमा होतं आणि पंप ते वर फेकतो. शेवटची दोन वर्षं आतोबांच्या छातीत दगडाची धूळ इतकी बसली होती की चार पावलं चालले तरी शिट्टी वाजायची. आत्या त्यांच्याबरोबर खाली जायची. ते स्टुलावर बसायचे, ती झडपा फिरवायची, जाळीतला गाळ काढायची. नोंदवहीत नाव त्यांचं. ते गेले तेव्हा ऑफिस म्हणालं, पंपावर कधी बाई नव्हती. तिला पुन्हा तोच शब्द ऐकू आला. अकरा दिवस ती डबा घेऊन मॅनेजरच्या दारासमोर बसली. बाराव्या दिवशी पंप खरखरायला लागला आणि बदलीच्या माणसाला काही कळेना. आत्या खाली गेली, लोखंडाला कान लावला, म्हणाली, "चौथ्या झडपेत खडा आहे." झडप उघडली. खडा होता.

त्या खड्याच्या जोरावर ती एकोणीस वर्षं पंपावर राहिली.

खाणीचा मोठा बोगदा एखाद्या घशासारखा आत जातो. दोन वळणं घेतो आणि दुसऱ्या वळणापुढे त्याच्या तीन शाखा होतात. पंप दुसऱ्या वळणावर. भिंतीला एक दिवा, एक स्टूल, हत्यारांची लोखंडी पेटी आणि पाण्यात उभा केलेला, आकडे रंगवलेला खांब. आत्याचं काम पंपाचं, आणि दर अर्ध्या तासाने पाण्याची पातळी वर कळवण्याचं. पाणी पन्नासच्या वर चढलं तर आतल्या सगळ्यांना बाहेर काढायचं. सकाळी सातपासून दुपारी चारपर्यंत एकोणीस वेळा ती आकडा सांगायची. एकोणीस वर्षांत एकही आकडा चुकला नव्हता.

आकडा सांगायचा तो बोलकीतून. बोलकी म्हणजे कमरेच्या पट्ट्याला अडकवायचं यंत्र. कामगारांनीच हे नाव ठेवलं. खाली टॉवर नाही, तारा टिकत नाहीत, दगडातून आवाज जात नाही. म्हणून प्रत्येक बोलकी ही दुसऱ्यांची वाटही असते. शाखेतला माणूस बोलला की ते बोलणं जवळच्या माणसाच्या बोलकीत जातं, तिथून पुढच्याच्या, असं कमरेकमरेने उड्या मारत खाणीच्या तोंडाशी पोचतं. ज्याच्या कमरेवरून ते जातं त्याला ते ऐकू येत नाही. त्याला पत्ताही नसतो.

मी त्या बोलक्यांच्या खोलीचा प्रमुख. सकाळी खिडकीतून नंबरवार द्यायच्या, संध्याकाळी घेऊन चार्जिंगला लावायच्या आणि दिवसभराची नोंद काढायची. आत्याची सतरा नंबरची. पंपावरच्या एकोणीस निरोपांखेरीज ती रोज आणखी तीन पाठवायची, तिन्ही मला. सकाळी "पोचले." दुपारी "जेवलास का रे मुडद्या?" आणि सुटताना "निघते." मी चौतीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप, आणि खोलीत माझ्या हाताखालचे दोघे रोज दुपारी त्या मुडद्याची वाट बघायचे.

मग रस्तेसाहेब आले.

त्यांना हे नाव आम्ही दिलं. खाणीतल्या निरोपांना रस्ता शोधून द्यायचा, हे त्यांचं काम. जुनी पद्धत गबाळी होती, हे खरं. माणसं चालतात, ट्रॉल्या धावतात, क्षणापूर्वीची वाट आता नसते. त्यामुळे प्रत्येक बोलकी सारखी ओरडून विचारायची, कोण आहे जवळ, कोण आहे जवळ, आणि त्या विचारण्यातच सगळा वेळ जायचा. एक निरोप तोंडाशी पोचायला नऊ सेकंद लागायची, कधी पोचायचाच नाही. रस्तेसाहेबांनी पांढऱ्या फळ्यावर ठिपके काढले, ठिपके रेघांनी जोडले आणि सांगितलं, जे ठिपके हलत नाहीत ते शोधा. त्यांच्यावरून वाट काढा. वाट तुटत नाही तोवर बदलू नका.

नऊ सेकंदांची दोन झाली. टाळ्या झाल्या, फोटो निघाला. फोटोत तिसऱ्या रांगेत मीही आहे.

खाणीतला सगळ्यात न हलणारा ठिपका कोणता, हे मला त्याच संध्याकाळी कळलं. सतरा नंबरची बोलकी खिडकीतून आली तेव्हा मेलेली होती आणि हाताला गरम लागत होती, नुकत्याच उतरवलेल्या भांड्यासारखी. मी तिची आतली नोंद उघडली. स्वतःचे निरोप सोळा. दुसऱ्यांचे, वरून गेलेले, तीन हजार नऊशे. त्यात माणसांचं बोलणं होतं, हवा मोजणाऱ्या यंत्रांचे आकडे होते, प्रत्येक ट्रॉली कुठे आहे ते होतं. तिन्ही शाखांचा सगळा घसा तिच्या कमरेतून वाहत होता. बॅटरी दीड वाजता संपली होती. दोनचा आकडा गेला नव्हता. अडीचचा, तीनचा, साडेतीनचा, चारचाही नाही.

मी रस्तेसाहेबांकडे गेलो. ते सभ्य माणूस, खुर्ची दिली.

"आतली नोंद फक्त तपासणीसाठी असते," ते म्हणाले. "कागदावर एकूण आकडाच ठेवा. रचना नवीन आहे, लोक उगाच घाबरतील. सहा महिन्यांनी बघू."

माझा कायम होण्याचा कागद त्याच महिन्यात वर गेला होता. मी "बरं" म्हणालो. तो शब्द उच्चारायला किती सोपा आहे, हे मी तोवर कधी लक्षात घेतलं नव्हतं.

कागदावर एकच रकाना होता. सतरा नंबरपुढे एकूण निरोप: तीन हजार नऊशे सोळा. तो कागद मुकादमाकडे गेला. पंपांची आणि ट्रॉल्यांची देखरेख त्याची. दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या वळणावर ट्रॉलीतून उतरला तो हसतच. ट्रॉली चालवणारा माणूस तिथेच थांबला होता. पुढचं मला त्याच्याकडून कळलं.

"काय हो बाई, दिवसभर कोणाशी एवढं गुलुगुलु चालतं? चार हजार निरोप! या वयात कोणी भेटलं की काय?"

"तुझ्या बायकोशी बोलते," आत्या म्हणाली. "विचारते, हा घरी पण असाच डुरकतो का."

ट्रॉलीवाला हसला. मुकादमाचं हसू गेलं.

"पातळीचे पाच आकडे कुठे गेले?"

"यंत्र मेलं."

"मरणारच. दिवसभर तोंड चालवलं की मरणारच. लिहून आणलंय." त्याने मेमो तिच्या पेटीवर ठेवला. त्यात लिहिलं होतं: ठरलेल्या वेळी जागेवर आढळून आल्या नाहीत.

आढळून आल्या नाहीत. स्टुलावरून उठली नव्हती ती बाई.

ती माझ्याकडे आली. खिडकीतून बोलकी आत सरकवली. "बॅटरी बदल."

मी बदलली. दुसऱ्या दिवशी तीही दीड वाजता मेली. पुन्हा बदलली. तिसरी अगदी कोरी, वेष्टनातली दिली. तीही गेली. आता तिच्या भुवया जुळलेल्या होत्या.

"अरे, यात दुसरं काही आहे का?"

"तपासतो," मी म्हणालो.

"तुझ्यासमोर असते रोज रात्रभर. काय दिसतं आत?"

"बॅटरीचा साठाच खराब आलाय आत्या."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि विश्वास ठेवला. तिच्या आयुष्यात विश्वास ठेवण्याजोगी माणसं फार नव्हती, त्यातला मी एक. मी मूग गिळून बसलो होतो, आणि घशाखाली उतरत नव्हते. पण बसलो होतो.

दुसरा मेमो दहा दिवसांनी आला. तिसरा आला की वरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बदली, दगड निवडायला. पट्ट्यावरून दगड येतात, चांगला इकडे, वाईट तिकडे. तिथे बोलकी लागत नाही, कान लागत नाही. शनिवारी ऑफिसात बैठक होती, त्यात तिसऱ्याचं ठरणार होतं.

तिला कळलं ते असं. मधल्या एका दिवशी पंपाची दुरुस्ती होती आणि तिला पाण्याची नाली साफ करायला लावलं होतं. फावडं घेऊन ती दिवसभर वळणापासून तिसऱ्या शाखेपर्यंत वर-खाली करत होती. चारला बोलकी निम्म्याहून जास्त भरलेली. दुसऱ्या दिवशी पंपावर बसली, दीडला मेली. तिसऱ्या दिवशी सकाळीच तिने यंत्र पट्ट्यातून काढून समोर पेटीवर ठेवलं आणि त्याच्याकडे बघत बसली. बोलकीच्या डोक्यावर एक हिरवा ठिपका असतो, निरोप निघाला की लुकलुकतो. ती गप्प होती. ठिपका लुकलुकत होता. तिने खडू घेतला आणि भिंतीवर एकेका लुकलुकीला एकेक रेघ ओढायला सुरुवात केली. अर्ध्या तासात तीनशे अकरा.

"काय मोजताय, काकू?" ट्रॉलीवाल्याने विचारलं.

"दुसऱ्यांची बडबड."

"आणि ती तुमच्याकडे कशी?"

"मी हलत नाही ना," ती म्हणाली. "हलणाऱ्याला कोण पकडतं?"

जे रस्तेसाहेबांनी चार महिने फळ्यावर काढलं होतं ते तिने खडूच्या तुकड्याने अर्ध्या तासात उलगडलं. आणि मग तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आधी ती मुकादमाकडे गेली. तो म्हणाला, "निरोप काय उंदीर आहेत, तुमच्या कमरेतून पळायला?" मग ती वर, रस्तेसाहेबांच्या खोलीत. मी तिथे कागद द्यायला आलो होतो, दारातच थांबलो.

त्यांनी तिलाही खुर्ची दिली. ती बसली नाही. बुटांना चिखल होता आणि तिने तो मुद्दाम पुसला नव्हता.

"तुमचं निरीक्षण चांगलं आहे," ते म्हणाले. "पण एकूण जाळ्याचा विचार केला तर काम चौपट सुधारलंय. एखाद-दुसऱ्या ठिकाणी थोडा भार येणारच."

"ते एखाद-दुसरं ठिकाण म्हणजे माझी कंबर आहे."

"तसं नाही, बाई. सरासरी भार बघितला तर..."

"कुठे बसते ही सरासरी?" आत्याने विचारलं. "तिची बॅटरी किती वाजता मरते? तिला मेमो कोण देतं?"

रस्तेसाहेब गोंधळले. खरंच गोंधळले, ते वाईट नव्हते. ठिपक्याला कंबर असते हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. "अर्ज लिहून द्या," ते म्हणाले. "पुढच्या आवृत्तीत घेऊ."

"पुढची आवृत्ती कधी?"

"साधारण सहा महिने."

"बैठक शनिवारी आहे."

ती वळली. दारात मी होतो. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. साहेब, आतली नोंद दाखवा त्यांना. एवढंच. ती माझ्या अंगावरून गेली, जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून. मला धीर देत होती ती! तिला वाटलं, भाचा बिचारा साहेबापुढे अवघडला.

गुरुवारी सकाळी तिने बोलकी नेली. सात वाजता आकडा आला: "पातळी अडतीस." मग मला, "पोचले." आणि मग तिने बोलकी हत्यारांच्या लोखंडी पेटीत ठेवली, झाकण लावलं आणि झाकणावर बसली.

लोखंडातून काही जात नाही.

साडेसातला झाकण उघडलं. "पातळी अडतीस. बस्स." झाकण बंद. तेवढ्या चार-पाच सेकंदांत तिन्ही शाखांमध्ये तुंबलेले निरोप बांध फुटल्यासारखे तिच्यावरून धावायचे, आणि धाडकन झाकण पडलं की उरलेले तिथेच. तिच्या कामात एका सेकंदाची कसूर नव्हती. आठला आकडा, साडेआठला आकडा. खांबावरचं पाणी, नोंदवही, जाळीतला गाळ, सगळं जिथल्या तिथे. फक्त दुसऱ्यांसाठी ती आता नव्हती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती स्वतःच्या मर्जीने गैरहजर होती.

वळणावर दुसरं कोणी थांबत नाही. ट्रॉली जाताना क्षणभर वाट जुळायची, ट्रॉली गेली की तुटायची, आणि नवी पद्धत हटवादीपणे त्या तुटलेल्या वाटेलाच धरून बसायची. नऊ वाजता शाखांमधले लोक बोलक्या हातावर आपटायला लागले. माझ्या खोलीतल्या पडद्यावर अर्धी खाण काळी झाली. सुरुंगाचा नियम कडक आहे: प्रत्येक टोळीकडून "मोकळं" असं उत्तर आल्याशिवाय वात पेटत नाही. दहाचा सुरुंग अकरावर गेला, अकराचा बारावर. रोज दीडनंतरही वाट अशीच अडखळायची, पण तोवर सुरुंग उडवून झालेले असायचे, म्हणून कोणी बोंब मारत नव्हतं. धोका कोणालाच नव्हता. फक्त खाण ठप्प झाली होती.

बारा वाजता मॅनेजरने मला हाक मारली. "नोंद वाचायचं यंत्र घे. खाली चल."

ट्रॉल्याही अडकलेल्या. आम्ही चालत गेलो, मॅनेजर, रस्तेसाहेब, मुकादम आणि मी. मॅनेजरसाहेब खाणीत पायी किती वर्षांनी उतरले होते कोण जाणे. पहिल्या वळणापर्यंतच त्यांची टोपी दोनदा छताला लागली. मुकादम वाटेत सारखं म्हणत होता, "डोकं फिरलंय बाईचं, साहेब. मी आधीच सांगितलं होतं."

आत्या पेटीवर बसली होती. हात मांडीवर. मागे पंप एकसुरात चालला होता, आणि भिंतीवर खडूच्या रेघा: पाच-पाचचे जुडगे, खांद्याच्या उंचीपासून जमिनीपर्यंत.

"पेटी उघडा," मॅनेजर म्हणाले.

"साडेबाराला उघडेन. पातळी सांगायला."

"बाई, काम बंद पडलंय सगळं."

"माझं चालू आहे. ऐका." तिने पंपाकडे मान वळवली. "सकाळपासूनचे सगळे आकडे वेळेवर गेलेत. विचारा तुमच्या कागदाला. बॅटरी भरलेली आहे. आज आढळून आले का मी?"

मुकादम पुढे सरसावला. "साहेबांशी नीट बोला."

"तू मागे हो. आमच्या ह्यांच्या हाताखाली झडपेला तेल घालायला आलास तेव्हा तुला डावं-उजवं कळत नव्हतं. चार हजार निरोप माझे म्हणालास ना? ह्या रेघा मोज. तोंड शिवून बसले होते मी, तेव्हाच्या आहेत."

मॅनेजर रस्तेसाहेबांकडे वळले. "हे खरं आहे?"

रस्तेसाहेबांनी घाम पुसला. "आतल्या नोंदीत स्वतःचे आणि दुसऱ्यांचे वेगळे दिसतात. यांच्याकडे आहे ती."

यांच्याकडे म्हणजे माझ्याकडे. मी यंत्र उघडलं. पडद्याचा उजेड माझ्याच तोंडावर पडला.

"काल," मी वाचलं. "सतरा नंबर. दुसऱ्यांचे चार हजार एकशे साठ. स्वतःचे सोळा."

"सोळा कसले?"

"चौदा पातळीचे. मग यंत्र बंद पडलं."

"आणि दोन?"

"मला," मी म्हणालो. "पोचले, आणि जेवलास का."

कोणी हसलं नाही. आत्या माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. तिचा राग मला पाठ होता. स्टोव्हवरचा, टेबलावरचा, मुकादमावरचा. हे त्यातलं काही नव्हतं. ती खांबामागून बघत असावी तशी बघत होती.

"हे कधीपासून दिसतंय तुला?"

"पहिल्या दिवसापासून."

तिने मान हलवली, एकदाच, पातळी वाचून झाल्यावर हलवायची तशी. आणि मॅनेजरकडे वळली. त्या क्षणानंतर तिच्या लेखी मी त्या वळणावर नव्हतो.

"दोन्ही मेमो रद्द," मॅनेजर घाईने म्हणाले. "बैठकीत तुमचा विषय नाही. पंप तुमचाच. उघडा आता."

"सगळ्यांना सांगा. ह्याने खाणभर करून ठेवलंय, बाई गप्पा मारते म्हणून. पोरं मला बघून हळू आवाजात हॅलो-हॅलो करतात."

"सांगतो. उघडा, आत्ताच सगळ्या बोलक्यांवर सांगतो."

"म्हणजे कशातून?" आत्याचा आवाज बोगद्यात घुमला. "माझ्याच कमरेवरून? माझ्यावर केलेला अन्याय निस्तरायला पण मीच वाहून नेऊ? नाही. पायी जाऊ दे." तिने मुकादमाकडे बोट केलं. "हा जाईल. तिन्ही शाखांत. एकेका टोळीपुढे उभा राहून सांगेल."

"साहेब!" मुकादम म्हणाला.

मॅनेजरने घड्याळ पाहिलं. सुरुंगाचा विचार केला असावा. "जा," ते म्हणाले.

मुकादम गेला. त्याचा दिवा पहिल्या शाखेत दिसेनासा झाला. साडेबाराला झाकण उघडलं. "पातळी एकोणचाळीस. बस्स." धाडकन बंद. आम्ही तिघे ओल्या भिंतीला पाठ न लावता उभे होतो. बसायला एक स्टूल होतं, पण तिने कोणाला बस म्हटलं नाही, आणि तिने म्हटल्याशिवाय तिथे बसायची मॅनेजरचीही छाती झाली नाही.

पाऊण तासाने पहिल्या शाखेतून रिकामी ट्रॉली ढकलत ट्रॉलीवाला आला.

"आला होता का?" आत्याने विचारलं.

"आला होता, काकू. सगळ्यांपुढे बोलला."

"काय बोलला?"

"म्हणाला, थोडा गैरसमज झाला होता."

आत्याने मॅनेजरकडे नुसतं पाहिलं.

मॅनेजरने कपाळाला हात लावला. "परत पाठवा त्याला," ते ट्रॉलीवाल्याला म्हणाले. "त्याला म्हणावं, मी खोटं लिहिलं, असं सांगायचं. पहिल्या शाखेपासून पुन्हा."

अडीचला काही मिनिटं असताना मुकादम परत आला. गुडघ्यापर्यंत चिखल, आवाज बसलेला. मागून तिन्ही शाखांतले दोन-दोन लोक आले होते, साक्षीला म्हणा किंवा मजा बघायला. आत्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, त्यातल्या एकाने मान डोलावली, आणि ती उठली. पेटी उघडली, बोलकी पट्ट्याला अडकवली. तिच्या कमरेवर हिरवा ठिपका वेड्यासारखा लुकलुकायला लागला.

"पातळी चाळीस," ती म्हणाली. बरोबर अडीच वाजले होते.

पुढच्या आठवड्यात दोन्ही वळणांवर भिंतीत पक्क्या बोलक्या बसवल्या, लोखंडी नळीतून वीज ओढून. रस्तेसाहेब स्वतः उभे होते. नव्या कागदात आता दोन रकाने आहेत, स्वतःचे आणि दुसऱ्यांचे. मला कायम केल्याचं पत्रही आलं. मी ते कोणाला दाखवलं नाही.

आत्या अजून पंपावर आहे. सकाळी खिडकीशी येते. "सतरा," म्हणते. मी सतरा नंबरची देतो. संध्याकाळी परत ठेवते. दोनदा रविवारी तिच्या घरी गेलो. दार उघडलं, चहा केला, कप डुगडुगत्या टेबलावर ठेवला. चहा सांडला. ती सुताराला काही बोलली नाही. माझ्यासमोर आता ती कोणावरच रागवत नाही.

संध्याकाळी बोलक्या चार्जिंगला लावल्या की मी कागद काढतो. सतरा नंबर. दुसऱ्यांचे, चाळीस-पन्नास. स्वतःचे, एकोणीस.

पूर्वी बावीस असायचे.